तपकिरी डोळ्यांचं चिलट

बारा वर्षं चिलटं मोजायची म्हणजे काय, हे ज्याने मोजली नाहीत त्याला सांगून काही उपयोग नाही. केळं जरा जास्त पिकलं की त्यावर घिरट्या घालतात ना, तिळाएवढी, तीच ही चिलटं. आपण हाताने हाकलतो आणि विसरतो. डॉक्टर नलिनी पेडणेकर त्यांना ईथरची गुंगी द्यायची, पांढऱ्या टाइलवर ओतायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगाच्या बारीक ब्रशाने एकेक बाजूला सारत मोजायची. नर इकडे, मादी तिकडे. लाल डोळे इकडे, तपकिरी तिकडे. आईबापांचं पोरांत काय उतरतं आणि काय दोन पिढ्या दडी मारून तिसरीत डोकं वर काढतं, हे माणसांत बघायचं तर बघणाऱ्याचं आयुष्य पुरत नाही. चिलटांच्या तीन पिढ्या महिन्या-सव्वा महिन्यात होतात. म्हणून चिलटं, दुसरं काही नाही.

बाप गिरणीत जॉबर, म्हणजे मागवाल्यांचा मुकादम, आई चार घरच्या पोळ्या करणारी, आणि मुलगी डॉक्टर, तीही सुई न टोचणारी. मुलुंडला तिच्या सासरी याची थट्टा रोजचीच. सासूबाई, म्हणजे रुक्मिणीबाई, आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून चिलटांची डॉक्टरीण आहे हो. तुमच्या घरच्या चिलटाला ताप आला तर पाठवा." नलिनी हसायची. सासू जिभेची तिखट होती, पण रात्रंदिवस सूनबाई प्रयोगशाळेत असताना घर तिनेच ओढलं होतं, हे नलिनी विसरली नव्हती.

प्रयोगशाळा विलेपार्ल्याला, एका संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे त्र्याऐंशी साली धाकू घाडी आला. आला म्हणजे नलिनीनेच आणला. गिरण्यांचा संप दीड वर्ष चालून हवेत विरून गेला होता. धाकू नलिनीच्या बापाच्या गावचा, बापाच्याच खात्यात मागावर बसणारा. वय पंचेचाळीस, हातात कसब आणि कसबाला गिऱ्हाईक नाही. आबांनी लेकीकडे शब्द टाकला, "धाकूला कुठेतरी चिकटव गं. माणूस सोन्यासारखा आहे." जन्मात बापाने काही मागितलं नव्हतं. नलिनीने चार अर्ज केले, दोन साहेबांना भेटली, आणि धाकू तात्पुरता परिचर म्हणून लागला. सगळे त्याला धाकूमामा म्हणू लागले.

काम काय? मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट घालून चिलटांची लापशी शिजवायची. दुधाच्या काचेच्या बाटल्या उकळून घ्यायच्या, तळाला लापशी ओतायची, तोंडाला कापसाचं बूच मारायचं. बूच मारावं तर धाकूने! घट्ट, गोल, एकही चिलट सुटायचं नाही. आणि नजर! एकदा नलिनीने सहज त्याला सूक्ष्मदर्शकात बघू दिलं, तर हा बाबा म्हणतो, "बाई, ह्या आठ नंबरच्या बाटलीतल्या चिलटांच्या पंखाची आडवी शीर तुटकी आसा. सगळ्यांची नाय, पण लय जणांची." तीस वर्षं मागावर तुटला धागा शोधलेला माणूस तो. नलिनीने पाहिलं तर खरंच होतं. आठ नंबर म्हणजे तपकिरी डोळ्यांचा संच. त्या डोळ्यांबरोबर ही तुटकी शीरही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, आणि बारा वर्षं मोजूनही नलिनीच्या ती ध्यानात आली नव्हती. तिने वहीत नोंद केली, "शाबास, धाकूमामा" म्हणाली, आणि विसरून गेली.

आता चौऱ्याऐंशीच्या गणपतीची गोष्ट. चिलटांची मादी जन्मल्यापासून आठ तासांच्या आत नरांपासून वेगळी काढावी लागते, नाहीतर तिची पोरं कुणाची हे सांगता येत नाही आणि प्रयोग मातीत जातो. चिलटांना गणपतीची सुट्टी नसते. संस्थेला असते. म्हणून नलिनीने सहा बाटल्या टोपलीत भरून मुलुंडला नेल्या. त्यांत आठ नंबरही होती. नियमात हे बसत नव्हतं, पण करायचे सगळेच. पाच दिवस मोदकांच्या मध्ये ती माजघरात बसून माद्या वेगळ्या करत होती. विसर्जनानंतर बाटल्या परत गेल्या. प्रयोग सुरळीत पार पडला.

पुढच्या जानेवारीत तिने नवं काम हाती घेतलं. उपनगरांतली रानटी, म्हणजे कुणीही न पाळलेली, चिलटं पकडायची आणि त्यांच्यात कुठला दडलेला गुण किती आहे ते बघायचं. अंधेरीच्या फळवाल्याकडची, घाटकोपरच्या मंडईतली, बोरिवलीच्या एका बागेतली. आणि सोय म्हणून मुलुंडची, घरच्या स्वयंपाकघरातली. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली सगळी लाल डोळ्यांची. मुलुंडच्या बाटलीत मात्र एकशे चाळीसांत नऊ तपकिरी डोळ्यांची निघाली.

नलिनीने ती पुन्हा मोजली. मोकळ्यावर राहणाऱ्या चिलटांत हा गुण एवढ्या प्रमाणात! असं कुणी पाहिलं नव्हतं. दोन वर्षं मोठ्या साहेबांच्या निबंधांवर तिसऱ्या-चौथ्या जागी नाव लागून ती कंटाळली होती. हे तिचं होतं, तिच्या ओट्यावरचं. तिने ती चिलटं आठ नंबरशी जुळवून पाहिली. गुण तोच निघाला. म्हणजे तोच गुण रानातही आपोआप उगवतो, असा तिने अर्थ लावला. मनाला हवा तो अर्थ लावायला शास्त्रज्ञालाही वेळ लागत नाही.

धाकू बाटल्या घेऊन उभा होता. त्याला तिने आनंदाने बघायला बोलावलं. त्याने डोळा लावला, बराच वेळ काढला.

"बाई, ही आपलीच दिसतत."

"आपली म्हणजे?"

"आठ नंबरची. शीर तुटकी आसा."

नलिनीला इतका राग आला की तिचं तिलाच नवल वाटलं. दोन विद्यार्थिनी बाजूला काम करत होत्या. "धाकूमामा," ती मोठ्याने म्हणाली, "संशोधन मी करते. तुम्ही बाटल्या धुवा." विद्यार्थिनी खाली मान घालून हसल्या. धाकूने "बरा" म्हटलं आणि बाटल्या उचलल्या. त्यानंतर त्याने कधी सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही. आणि निबंधात डोळ्यांवर नऊ पानं आली, शिरेवर एक ओळ नाही.

निबंध शहाऐंशीत छापून आला. मुलुंडात पेढे वाटले. नणंद आली होती. रुक्मिणीबाईंनी पेढ्याचा बॉक्स तिच्या पुढे सरकवला आणि रंगात येऊन म्हणाल्या, "या चिलटांची एक गंमत सांगते. त्या वर्षी गणपतीत समई मालवायला आली, आणि घरात कापसाचा पत्ता नाही! हिच्या बाटलीला चांगलं गुबगुबीत बूच होतं. आतलं घाणेरडं तसंच ठेवलं आणि वरचा स्वच्छ कापूस काढून दोन वाती वळल्या. मेली ती बाटली लगेच गळायला लागली, घरभर चिलटं! मी पदराने हाकलली आणि उरलेलं बूच पुन्हा कोंबलं. हिला म्हटलं नाही, उगाच ओरडली असती."

नणंद पोट धरून हसली. नलिनीही हसली. हातातला पेढा तिने परत बॉक्समध्ये ठेवला.

तिला त्या क्षणी सगळं कळलं. तिची मुलुंडची नवलाई म्हणजे देवाच्या वातीपायी सुटलेली, तिनेच पाळलेली, धाकूने नाव सांगितलेली चिलटं होती. दुसऱ्या दिवशी तिने जपून ठेवलेली चिलटं काढून पंख तपासले. नऊपैकी सातांची शीर तुटकी. तिने ती परत ठेवली आणि कुणालाही सांगितलं नाही. वर्ष गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला समजावायची, आणि धाकू समोर आला की त्याच्याकडे न बघता काम सांगायची.

सत्त्याऐंशीत धाकूची चार वर्षं भरत होती. त्याला कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर गेला होता. धाकूची बायको सुगंधा पार घाटकोपरहून चालत येऊन नलिनीला घावन देऊन गेली होती, "बाई, आता आमचा सगळा तुमच्या हातात." आणि त्याच महिन्यात बंगळूरच्या एका संशोधकाचं पत्र आलं. त्याने मुलुंडची चिलटं मागवली होती. पत्र फार सभ्य होतं. या माश्यांच्या, म्हणजे चिलटांच्या, पंखाची शीर तुटकी दिसते, तुमच्या प्रयोगशाळेतल्या संचातही तसं आहे का, एवढंच विचारलं होतं.

संचालक साहेबांनी नलिनीला बोलावलं. पत्र पुढे सरकवलं. "हे काय प्रकरण आहे, पेडणेकर?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं, सोपं होतं. साहेब, बाटल्या मी घरी नेल्या होत्या. नलिनीने तोंड उघडलं आणि तिला दिसलं ते नियमाचं पुस्तक, बढतीची यादी, आणि बाजूच्या खोलीतल्या बायका एकमेकींना खुणा करताना. ती म्हणाली, "बघते सर, बाटल्या कुठेतरी सुटल्या असतील."

"बाटल्या कोण बंद करतं?"

"परिचर."

"कोण तो? घाडी ना? मला वाटलंच. हे तात्पुरते लोक असेच. जंगली नमुन्याच्या बाटलीत प्रयोगशाळेतली चिलटं घुसवली असणार." साहेबांनी घंटी वाजवली.

खोटं ती एक शब्दही बोलली नाही. ही तिने पुढे स्वतःची समजूत काढायला वापरलेली ओळ. बाटल्या परिचरच बंद करतो, हे खरंच आहे की नाही? दुसऱ्या दिवशी टंकलेला कागद आला. 'परिचर धाकू घाडी यांच्या निष्काळजीपणामुळे नमुन्यांची सरमिसळ झाली असून त्यांची सेवा पुढे चालू ठेवण्यात येऊ नये.' खाली धाकू ज्यांच्या हाताखाली होता त्यांची, म्हणजे नलिनीची, सही हवी होती. तिने पेन काढलं आणि आपली लांब शेपटाची सही केली. सही करायला क्षणही लागला नाही, याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

धाकू निघताना तिच्या दारात आला. "बाई, माजा बूच कदी सैल नव्हता," एवढंच म्हणाला. तिला मालवणी चांगली कळायची, घरची भाषाच ती. ती शुद्ध मराठीत म्हणाली, "वरून आदेश आहे, मामा. माझ्या हातात काही नाही." आबांच्या कानावर गेलं तेव्हा म्हातारा भडकला. "मी शब्द टाकला आणि हा खाल्ल्या घरचे वासे मोजतो! पोरीच्या कामाची वाट लावली." गावच्या मंडळात त्याने धाकूशी बोलणं टाकलं. नलिनी समोर बसून बापाला चहा ओतत होती.

पुढच्या वर्षी मुलुंडलाच एका सोसायटीत ती मैत्रिणीकडे गेली. फाटकावर खाकी शर्टातला माणूस उठून उभा राहिला. धाकू.

"कोणाकडे जायचा, बाई?"

तिने नाव सांगितलं. त्याने वही पुढे केली. "इथे नाव आन्‌ सही करा." कुजकट बोलला नाही, टोमणा मारला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असेल तसंच सांगितलं. नलिनीने सही केली. तीच, लांब शेपटाची. आणि मैत्रिणीकडे न जाताच ती घरी परतली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

त्या आठवड्यात तिने ज्या पत्रिकेत निबंध आला होता तिला दुरुस्ती लिहून पाठवली. मुलुंडच्या नमुन्यातील माश्या प्रयोगशाळेच्या संचातून निसटल्या असल्याचे आढळले आहे, सबब निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे. बारा ओळी. आता बढती गेली, अब्रू गेली, असं धरूनच चालली होती. आणि झालं भलतंच! पत्रांवर पत्रं. बंगळूरच्या त्या संशोधकाने लिहिलं, असा प्रामाणिकपणा दुर्मीळ. संचालकांनी ती दुरुस्ती सूचनाफलकावर लावली. "आपली चूक छापून कबूल करायला छाती लागते, पेडणेकर!" तीन महिन्यांत बढतीही झाली.

तिला वाटलं, चला, निदान धाकूला तरी बरं वाटेल. छापील पान घेऊन ती त्या फाटकावर गेली. सुगंधा डबा घेऊन आली होती. नलिनीने बाटल्यांचं, गणपतीचं, कापसाचं सगळं सांगितलं, रडली, आणि पानाचं मराठी करून वाचून दाखवलं. धाकूने ते हातात घेतलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं, तरी वरून खाली बोट फिरवलं.

"ह्येच्यात माजा नाव खंय आसा?"

"नाव... तुमचं नाव नाही, मामा. चूक तुमची नव्हती, म्हणून..."

"दोस दिल्यात तेवा नाव घातलात," धाकू म्हणाला. "आता दोस काढलात तर नाव खंय गेला?"

सुगंधा डब्याचं झाकण लावत म्हणाली, "जाऊ द्या. त्यांची मोठी माणसांची गोष्ट."

नलिनीने पान परत घेऊन पुन्हा वाचलं. खरंच की! 'निसटल्या असल्याचे आढळले.' कुणाच्या हातून निसटल्या, कुणी आधीच सांगितलं होतं, कुणाच्या माथी मारलं, सगळं त्या एका 'आढळले'मध्ये गडप झालं होतं. कबुली देतानासुद्धा तिने स्वतःचं अंग चोरलं होतं.

ती आधी आबांकडे गेली. सगळं ऐकून म्हातारा एवढंच म्हणाला, "सही तुझी होती?" ती हो म्हणाली. त्याने चपला घातल्या आणि घाटकोपरला धाकूच्या घरी गेला. लेकीला बरोबर ये म्हटलं नाही. मग ती संचालकांकडे गेली. तो कागद मागे घ्या म्हणाली. साहेब हसले. "अहो, फाइल बंद झाली. घाडीचं वयही उलटलं आता, परत घेता यायचं नाही. आणि सही तुमचीच आहे त्यावर. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

एकोणनव्वदच्या विज्ञान दिनाला संस्थेने तिचं भाषण ठेवलं. विषय, संशोधनातील सचोटी. सभागृह गच्च भरलं होतं. नलिनीने लिहून आणलेले कागद घडी घालून पर्समध्ये टाकले आणि सरळ बोलायला लागली. बाटल्या मी नियम मोडून घरी नेल्या. चिलटं आपलीच आहेत हे धाकू घाडी यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. मी त्यांना चारचौघांत गप्प केलं. खरं कळल्यावर वर्षभर मूग गिळून बसले. साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांचं नाव पुढे केलं आणि त्यांना काढण्याच्या कागदावर सही केली. धाकू घाडी यांचा काहीही दोष नव्हता. त्यांची नोकरी मी घालवली.

संचालकांचा चेहरा पडला होता. नलिनीला वाटलं, आता कुणीतरी उठेल, विचारेल, दोन शब्द सुनावेल. तिला ते हवं होतं. आणि मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसरी. मग सगळं सभागृह.

"टाळ्या कशाला वाजवताय?" ती ओरडलीच. "अहो, ऐकलंत ना मी काय केलं ते? बंद करा!"

टाळ्या वाढल्या. सूत्रसंचालकाने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "पाहा, किती हा विनय!"

चहाच्या वेळी लोक रांग लावून तिला भेटले. एकीने वहीवर सही मागितली, एकाने आपल्या कॉलेजात हेच भाषण द्यायला बोलावलं. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिली. चहा संपला, बश्या गोळा झाल्या, दिवे मालवायला माणूस आला. धाकू घाडी आता कुठे असतात, हे एकानेही विचारलं नाही.